हँडलवरचे स्विच बिघडले तर स्वस्त पर्यायी स्विच बसवावेत का?

मूळ लेखन

माझ्या जुन्या मोटारसायकलच्या डाव्या हाताकडची स्विच असेंब्ली गेल्या वर्षी निकामी झाली. इंडिकेटरची कळ एका बाजूला टिकत नव्हती, हॉर्न तीनदा दाबल्यावर एकदा वाजत होता आणि अप्पर-डिप्परचा खटका मध्येच अडकत होता. मूळ सुटा भाग आता बनत नाही आणि इतरांच्या गाड्यांवरून उतरवलेले जुने भाग माझ्या भागाइतकेच झिजलेले असतात. म्हणून मी कोणत्याही गाडीला चालेल अशी स्वस्त असेंब्ली बसवली आणि ती आजवर नीट चालली आहे. अशा स्विचना सरसकट निकृष्ट ठरवणे मला पटत नाही, कारण त्यांच्याविषयीच्या बऱ्याच तक्रारी बसवण्यातल्या घाईतून निर्माण होतात.

सर्वात मोठी घाई तारांच्या रंगांबाबत होते. नव्या असेंब्लीतील तारांचे रंग आपल्या गाडीच्या रंगांशी जुळतील असे गृहीत धरून लोक तारा जोडतात आणि फ्यूज उडाला की स्विचला दोष देतात. वास्तविक अर्थिंगची तार होंडात साधारणपणे हिरवी, यामाहात काळी, सुझुकीत काळ्यावर पांढऱ्या रेघेची आणि कावासाकीत काळ्यावर पिवळ्या रेघेची असते. पर्यायी स्विच बनवणारा यांपैकी कोणतीही पद्धत पाळायला बांधलेला नसतो. मी जुना स्विच काढण्यापूर्वी प्रत्येक कळ दाबून कोणत्या दोन तारा जोडल्या जातात ते मल्टीमीटरने तपासले, तसेच नव्या स्विचचेही तपासले आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून जोडणी केली. जुन्या स्विचचा कपलर (तारांच्या टोकाचा, गाडीच्या वायरिंगमध्ये खोचायचा प्लग) कापून नव्या तारांना जोडल्यामुळे गाडीच्या मूळ वायरिंगमधली एकही तार कापावी लागली नाही. उद्या मूळ भाग मिळालाच, तर तो सरळ लावता येईल.

प्रतिसाद १

आपली जोडणी काटेकोर आहे, पण मला आपला निष्कर्ष मान्य नाही. दोष रंगांत किंवा बसवण्यात नसून आतल्या संपर्कबिंदूंत असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. ज्या गाडीत हेडलाइटचा पूर्ण प्रवाह स्विचमधून जातो, तिथे ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेतो. संपर्कबिंदूचा रोध केवळ ०.२ ओहम झाला, तरी तिथेच १ व्होल्ट खर्ची पडतो आणि ५ वॉट उष्णता प्लास्टिकच्या बंद डबीत साठू लागते. हॅलोजन बल्बला मिळणारा विद्युतदाब दहा टक्क्यांनी घसरला, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. त्यामुळे स्विच 'चालतो आहे' असे वाटत असतानाही रस्ता अंधुक होत जातो आणि चालकाच्या ते लक्षातही येत नाही.

मी हे अनुभवले आहे. माझ्या गाडीवरचा स्वस्त स्विच काही महिने व्यवस्थित चालला. पुढे त्याची डबी हाताला कोमट लागू लागली, तरी मी दुर्लक्ष केले. एका रात्री वळणावर समोरून वाहन आले म्हणून मी अप्परवरून डिप्परवर येत होतो, तेव्हा खटका मध्ये थांबला आणि दोन्ही झोत एकदम गेले. चांगल्या स्विचमध्ये पहिला झोत तुटण्याआधी दुसरा जोडला जातो, म्हणून मध्ये अंधार होत नाही. त्या स्विचमध्ये ही रचनाच नव्हती. मी पडलो नाही, परंतु त्या दोन सेकंदांत मला रस्त्याची कड दिसत नव्हती.

प्रतिसाद २

दोघांनाही विचारावेसे वाटते की मूळ स्विच खरोखरच मेला होता का? हॉर्न अधूनमधून वाजणे हे बहुतेक वेळा वाळून कडक झालेल्या ग्रीसचे आणि तांब्यावर चढलेल्या हिरव्या थराचे लक्षण असते. डबी उघडताना खाली पांढरे कापड अंथरावे, कारण खटक्याखालची बारीक स्प्रिंग आणि छर्रा उडाला की पुन्हा सापडत नाही. बिंदू कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करावेत आणि सुटलेली तार पुन्हा झाळावी. हँडल वळते त्या मानेजवळची तारही पाहावी. तिथे ती आतून तुटते आणि दोष मात्र स्विचवर येतो.

मूळ लेखकाचे उत्तर

दुसऱ्या प्रतिसादातील पायरी मी केली होती. माझ्या स्विचमधली प्लास्टिकची मार्गिकाच तुटली होती. पहिल्या प्रतिसादातील हिशेब मात्र अगदी बरोबर आहे आणि मूळ लेखनात तो यायला हवा होता. मी हेडलाइटचा प्रवाह नव्या स्विचमधून जाऊच दिलेला नाही. फ्यूजमधून आलेला पुरवठा मी पाच पायांच्या रिलेला, म्हणजे वेटोळ्यातल्या लहान प्रवाहाने आतली पट्टी ओढून मोठा प्रवाह एका तारेवरून दुसरीवर वळवणाऱ्या स्विचला, दिला आहे. रिले सुटलेला असताना डिप्पर पेटतो आणि ओढला गेला की अप्पर. स्विचला फक्त रिलेच्या वेटोळ्याचा प्रवाह पेलायचा असतो, जो पाव अँपिअरपेक्षाही कमी असतो. खटका मध्ये अडकला किंवा स्विच पूर्णपणे बंद पडला, तरी डिप्पर चालूच राहतो. आपल्याला वळणावर जे भोगावे लागले, ते या जोडणीत स्विचमुळे होऊ शकत नाही.

प्रतिसाद ३

आतापर्यंतची चर्चा डाव्या हाताची झाली. उजवीकडचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे, कारण पुष्कळ गाड्यांत त्याच डबीत थ्रॉटलची (एक्सलरेटरची) केबल आणि फिरणारी मूठ बसते. डबी अर्धा मिलिमीटर जरी आवळली गेली, तरी मूठ सोडल्यावर ती आपोआप मागे येईलच असे नाही. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून, दोन्ही टोकांना मूठ झटकन परत येते का, हे इंजिन बंद असतानाच पाहावे. काही मूळ डब्यांच्या आत हँडलमधल्या छिद्रात बसणारी खुंटी असते. ती नव्या डबीत भलत्या जागी असेल, तर हँडलला नवे छिद्र पाडण्यापेक्षा खुंटी घासून काढणे बरे. पण मग डबी फिरणार नाही इतकी पकड तिला आहे ना, याची खात्री करावी लागते. शिवाय हँडलचा व्यास २२ मिलिमीटर आहे की २५.४, हे मोजल्याशिवाय कोणतीही डबी आणू नये.

प्रतिसाद १ चे पुन्हा मत

रिलेची जोडणी मला पटली आणि हेडलाइटपुरता माझा आक्षेप मी मागे घेतो. मात्र किल स्विचबाबत, म्हणजे उजवीकडच्या इंजिन बंद करण्याच्या कळीबाबत, मी ठाम आहे. अनेक गाड्यांत इग्निशनचा पुरवठा त्यातून जातो आणि त्याचा बिंदू खड्ड्यात क्षणभर जरी सुटला, तरी ओव्हरटेक करताना इंजिन दगा देते. मॅग्नेटोवर चालणाऱ्या काही जुन्या गाड्यांत उलट रचना असते. तिथे किल स्विच इग्निशनची तार अर्थिंगला जोडून इंजिन बंद करतो, म्हणजे बिंदू खराब झाला तर इंजिन बंदच होत नाही. कळांचे संकेत संगणकाला पाठवणाऱ्या नव्या गाड्यांत तर साधा स्विच बसवण्याचा विचारही करू नये, कारण प्रत्येक कळीमागे ठरावीक रोध असू शकतो आणि संगणकाला त्यातूनच कळ ओळखू येते.

मूळ लेखकाचे उत्तर

उजव्या बाजूचे मी मान्य करतो. माझी उजवी डबी अजून मूळचीच आहे आणि ती बिघडली, तर आतले बिंदू दुरुस्त करूनच वापरेन. डाव्या बाजूला हॉर्नचा प्रवाह मात्र अजून थेट स्विचमधूनच जातो. त्यालाही येत्या आठवड्यात रिले लावतो आहे. त्याच वेळी हेडलाइट चालू असताना बॅटरीच्या टोकांवर आणि बल्बच्या टोकांवर किती व्होल्ट येतात, ते मोजून इथे नोंदवेन. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला, तर रिलेपर्यंतची तार मी अधिक जाड घालेन.