लाल गोळी, डॉक्टरांची गोळी, कॅल्शियम: सगळं एकाच वेळी चालतं का?

पाचवा महिना, तासगाव
मी पहिलटकरीण. एचबी १०.२ आलंय. आशाताईंनी उपकेंद्रातून लाल गोळ्या आणि कॅल्शियम दिलं. खासगी डॉक्टरांनी लोहाची वेगळी गोळी लिहून दिलीय, तिच्यावर १०० मिलिग्रॅम लिहिलंय. थायरॉईडची गोळी लग्नाआधीपासून चालू आहे. आता नणंदेनं दुबईहून कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल पाठवल्यात. दिवसभर लक्षात राहत नाही म्हणून सगळं सकाळी चहाबरोबर घेते. सासूबाई म्हणतात, लाल गोळीनं बाळ काळं होतं. काय घेऊ, काय सोडू?

उपकेंद्रातली सिस्टर
ताई, गोळीनं बाळाचा रंग बदलत नाही. शी काळी होते, ती लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सासूबाईंना पुढच्या तपासणीला घेऊन या, आम्ही समजावतो.

लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. तुमचं एचबी ११ च्या खाली आहे, म्हणून डोस जास्त लागतो. सरकारी पद्धतीत अशा वेळी लाल गोळ्याच दिवसाला दोन देतात. पण लाल आणि खासगी दोन्ही आपल्या मनानं एकत्र करू नका. दोघांपैकी कुणालाच दुसऱ्यानं काय दिलंय ते माहीत नाही, ही खरी अडचण आहे. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथेही चालेल.

कॉड लिव्हर ऑइल तोवर बंद ठेवा. माशाच्या यकृताच्या तेलात तयार व्हिटॅमिन ए असतं. ते दिवसाला १०,००० युनिटच्या वर गेलं तर बाळाला व्यंग येऊ शकतं, आणि मल्टिव्हिटॅमिनमध्येही तेच असलं तर बेरीज होते. गाजर, शेवग्याचा पाला खुशाल खा, त्यातल्या ए ची ही भीती नाही.

आता वेळा. थायरॉईडची उठल्याबरोबर, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. तिच्यात आणि लोह-कॅल्शियममध्ये चार तास हवेत. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. लोह रात्री झोपताना, जेवण होऊन दोन तास झाल्यावर. त्यानं मळमळही कमी जाणवते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह अंगी लागत नाही. चहाचंही तसंच, लोहाच्या आगेमागे तासभर नको. लिंबूपाणी चांगलं.

आणि घरात लहान मूल असेल तर गोळ्या उंचावर ठेवा. लाल गोळी त्यांना चॉकलेटसारखी दिसते, आणि मूठभर पोटात गेल्या तर जीवावर बेततं.

दोन मुलांची आई
मला लोहानं पोट साफच व्हायचं नाही. डॉक्टरांनी गोळीचा प्रकार बदलून दिला आणि फरक पडला. त्रास होतो म्हणून परस्पर बंद करू नका, सांगा.

गडचिरोलीहून
आमच्याकडे सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, खूप. त्यात एचबी कमी असण्याचं कारण दरवेळी लोहाची कमतरता नसतं. मला सिकलसेल आहे, म्हणून डॉक्टरांनी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासल्याशिवाय लोह वाढवलं नाही, फॉलिक ॲसिड मात्र चालू ठेवलं. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (तोही रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर आधी सांगा.

पाचवा महिना, तासगाव
आमच्यात तसं कुणाला नाही, तरी विचारते. कॅप्सूल कपाटात ठेवल्या. ताई, एखाद्या रात्री गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का?

उपकेंद्रातली सिस्टर
नाही. राहिली ती राहिली, पुढची नेहमीच्या वेळी. वारंवार उलटीतून गोळी पडत असेल तर ९ तारखेची वाट बघू नका, उद्याच या.