अनुभव धागा : तुमचे पहिले वेबपान उघडले तेव्हा काय दिसले?

गेल्या आठवड्यात भाचीला नोटपॅडमध्ये एचटीएमएल, म्हणजे वेबपाने लिहिण्याची भाषा, लिहायला बसवले. सिद्धेश्वर तलावावर चार ओळी लिहून तिने फाइल उघडली, तर समोर कोरे पान. टायटलची खूण बंद करायची राहिल्यामुळे ब्राउझरने खालचा सगळा मजकूर शीर्षकच समजून वरच्या टॅबमध्ये कोंबला होता. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्वांसाठी खुले केलेले पहिले संकेतस्थळही नुसता मजकूर आणि दुवे एवढेच होते, असे सांगून मी तिची समजूत काढू लागलो. त्यावर ती म्हणाली, "मामा, त्यांचा मजकूर निदान दिसत तरी होता!" सोलापूरकरांनी आपापली हकिगत लिहावी, चूक कशी सापडली तेही सांगावे.
— जुळे सोलापूर

२००३ साली सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून पान लिहिले. फाइलवर क्लिक केले की ब्राउझरऐवजी पुन्हा नोटपॅडच उघडे. नोटपॅडने नावापुढे साध्या मजकुराच्या फाइलचे आपले 'डॉट टीएक्सटी' हे शेपूट जोडले होते आणि विंडोजने ते लपवले होते. जतन करताना 'ऑल फाइल्स' निवडावे लागते, हे शेजारच्या मुलाने सांगेपर्यंत माझा तास संपला होता.
— सात रस्ता

शेंगा चटणीची कृती एकाखाली एक ओळी देऊन लिहिली होती. ब्राउझरने सारी एका परिच्छेदात सलग दाखवली. एंटर कितीही वेळा दाबले तरी ब्राउझर त्याला एका मोकळ्या जागेइतकीच किंमत देतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते.
— होटगी रोड

आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मी नमुन्यांचे पान केले, वडिलांना दाखवले, त्यांनी प्रत्येक रंग नीट दिसतो की नाही हे चष्मा लावून पाहिले आणि मगच ते मोफत सर्व्हरवर चढवू दिले. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला, "चौकटीत तांबडी फुली आहे, म्हणजे माल संपला का?" छायाचित्रांचा पत्ता मी आमच्याच संगणकाच्या सी ड्राइव्हचा दिला होता, त्यामुळे ती फक्त आमच्याच घरी दिसत होती. सर्व छायाचित्रे पानाच्या फोल्डरात ठेवून नुसती नावे लिहिली, तरी निम्मी गायबच राहिली. कॅमेऱ्याने फाइलच्या नावाअखेरचे 'जेपीजी' मोठ्या लिपीत लिहिले होते आणि मी लहान. विंडोजला दोन्ही सारखेच, पण लिनक्स या वेगळ्या प्रणालीवरच्या त्या सर्व्हरला नाही. माझ्या मते नवशिक्याने आपले पान दुसऱ्याच्या संगणकावर पाहिल्याशिवाय ते झाले असे म्हणूच नये. वडिलांनी मात्र पुढे कित्येक दिवस व्यापाऱ्यांना कागदी नमुनेच पाठवले.
— पूर्व भाग

मी गड्ड्याच्या यात्रेवर दोन पाने भरून मराठीत लिहिले होते. जतन करताना नोटपॅडने काहीतरी इशारा दिला, तो न वाचताच ओके दाबले. पान उघडले तर 'सोलापूर' या शब्दाच्या जागी सात प्रश्नचिन्हे! अक्षरे चार असताना सात का, याचा विचार करताना उमगले की काना, मात्रा, उकार संगणक वेगळे मोजतो. एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) मराठी न जाणणाऱ्या 'एएनएसआय'ऐवजी मराठी सांभाळणारे 'यूटीएफ-८' ठेवायला हवे होते. अक्षरे जतन करतानाच नष्ट झाल्यामुळे एन्कोडिंग बदलूनही ती परत आली नाहीत. सगळे पुन्हा टंकले, पण नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा परिच्छेद पहिल्यासारखा काही उतरला नाही.
— बाळीवेस