बायबरीच्या कोचबंदीला ताठा म्हणण्याआधी

कोट्सवोल्डवासी

रेडिंगकर यांनी गेल्या आठवड्यात या मंचावर इंग्लंडच्या कोट्सवोल्ड भागातल्या बायबरी या गावाच्या सहलीबद्दल लिहिले. त्यांची कोच, म्हणजे सहलीची मोठी बस, गावाच्या मध्यभागी थांबू दिली नाही, ज्येष्ठ मंडळींना बरेच चालावे लागले आणि अंगणात शिरल्याबद्दल एका रहिवाशाने सर्वांसमोर सुनावले, ही त्यांची तक्रार. तेवढ्यावर ते थांबले असते, तर मी उत्तर लिहिले नसते. पण "जे गाव देशाच्या पासपोर्टवर छापले गेले ते गावकऱ्यांचे राहत नाही, आणि पर्यटकच त्यांना पोसतात, मग एवढा ताठा कशासाठी", असा निष्कर्ष त्यांनी काढला. मी बायबरीचा नाही, पण त्याच भागातल्या एका लहान गावात राहतो, आणि हे वाचून मला स्वस्थ बसवले नाही.

बायबरीची वस्ती सुमारे 600 लोकांची. गर्दीच्या दिवशी तिथे 50 पर्यंत कोच येत असल्याचे गावकऱ्यांनीच वृत्तपत्रांना सांगितले आहे. ज्या आर्लिंग्टन रोसाठी सगळे येतात, ती 14व्या शतकातली लोकर साठवण्याची इमारत आहे. 17व्या शतकात तिची विणकरांची घरे झाली, आणि समोरच्या रॅक आयल या पाणथळ कुरणात लोकर वाळत घालत. आज मालकी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची असली, तरी त्या घरांत माणसे राहतात. खिडक्या पायवाटेला इतक्या लागून आहेत, की स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला बाहेरून काचेला टेकवलेला फोन दिसतो. आत चहा करणारी व्यक्ती ही प्रदर्शनातली वस्तू नव्हे, हे आपल्यासारख्या शिकल्यासवरलेल्या लोकांना सांगावे लागावे, याचे मला वाईट वाटते.

कोचचा प्रश्न केवळ शांततेचाही नाही. कोल्न नदीकाठचा रस्ता अरुंद आहे. समोरासमोर दोन कोच आल्या की एकीला मागे जावे लागते, आणि मागे लोक रस्त्यातच फोटो काढत उभे असतात. अशा वेळी रुग्णवाहिका आली तर ती जाणार कुठून? 2025 साली ग्लॉस्टरशर काउंटी काउन्सिलने, म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक प्रशासनाने, मध्यवस्तीतल्या कोच-पार्किंगच्या जागा प्रायोगिक तत्त्वावर काढल्या, त्या यासाठी. माझ्या मते हे फार पूर्वीच व्हायला हवे होते.

रेडिंगकर

अंगणात शिरणे चूकच, त्यावर वाद नाही. परंतु आर्लिंग्टन रो नॅशनल ट्रस्टने जपली आहे, आणि ट्रस्टचे सभासद 50 लाखांहून अधिक आहेत. त्यांतला मी एक. आमची वर्गणी चालते, आमचे पाऊल चालत नाही, हे मला पटत नाही. तुम्ही मांडलेला अडचणीचा मुद्दा निरोगी आणि स्वतःची मोटार असलेल्या माणसाचा आहे. आमच्या कोचमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या दोन आजी होत्या. मोटारींना मुभा आणि कोचला बंदी, म्हणजे 40 माणसांच्या एका वाहनाऐवजी दहा मोटारी आणा, असेच तुम्ही सांगत आहात.

वारशाच्या नावाखाली माणसे कुठवर जातात, तेही पाहा. 2017 मध्ये याच बायबरीत एका वृद्ध रहिवाशाची पिवळी मोटार फोडण्यात आली आणि तिच्या बॉनेटवर "हलवा" असे कोरण्यात आले. तिच्यामुळे फोटो बिघडतात, एवढाच तिचा अपराध.

कोट्सवोल्डवासी

हे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते. फोटोची ती तक्रार पर्यटकांची आणि छायाचित्रकारांची होती. आपण ज्या घरात राहतो त्याच्यापुढे आपली मोटार उभी करणेसुद्धा ज्यांना खपत नाही, ते गावाला गाव मानतच नाहीत. नंतर देशभरातून पिवळ्या मोटारींचा ताफा त्या गृहस्थांच्या पाठिंब्यासाठी बायबरीत आला, हेही तुम्ही सांगायला हवे होते.

सह्यभ्रमणी

कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला 3000 पर्यटकांची मर्यादा घातली आणि ऑनलाइन नोंदणी सुरू केली, तेव्हा साताऱ्याच्या लोकांना कोणी ताठर म्हटले नाही. तोच नियम इंग्रजांच्या गावाने केला, की आपल्याला अपमान वाटतो.

रेडिंगकर

कास हे पठार आहे, बायबरीतून सार्वजनिक रस्ता जातो. सार्वजनिक रस्त्यावर तिकीट लावता येत नाही. तुलना करताना एवढे तरी भान ठेवावे.

मूळची सांगलीची

सुरक्षेचा उल्लेख झालाच आहे, तर ती कोणाची, हेही विचारते. आम्ही सहा वर्षांपासून सॉमरसेटच्या एका खेड्यात राहतो. माझे वडील सांगलीहून आले असताना संध्याकाळी फिरायला गेले. एका गृहस्थांनी त्यांना थांबवले, "कोणाकडे आलात, कोणत्या घरात राहता" असे विचारले आणि घराच्या फाटकापर्यंत ते त्यांच्या मागून आले. त्या गृहस्थांच्या खिडकीवर नेबरहूड वॉचचा, म्हणजे शेजाऱ्यांनी मिळून परिसरावर लक्ष ठेवण्याच्या योजनेचा, स्टिकर आहे. 1982 मध्ये चेशरमधल्या मॉलिंग्टन गावात ही योजना सुरू झाली ती घरफोड्यांमुळे, हे मला ठाऊक आहे. पण 74 वर्षांचा, हातात काठी असलेला माणूस घरफोड्या करील असे कोणाला वाटते आणि का वाटते, हे इथे कोणी उघड बोलत नाही.

त्याच गल्लीत पदपथ नाही आणि वेगमर्यादा ताशी 60 मैल आहे. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी आई कुंपणाला पाठ टेकवून उभी असताना एका मोटारीचा आरसा तिच्या पिशवीला लागला आणि टोमॅटो रस्ताभर पसरले. मोटार थांबलीसुद्धा नाही. ती गावातल्याच माणसाची होती, पर्यटकाची नव्हे.

कोट्सवोल्डवासी

वेगाबद्दल कोणी काही करत नाही, असा तुमचा सूर आहे आणि तो मला लागला. मी आमच्या गावाच्या स्पीडवॉच गटात आहे. पिवळी जाकिटे घालून आम्ही सकाळी सात वाजता रस्त्याकडेला उभे राहतो आणि वाहनांचे क्रमांक व वेग नोंदवतो. त्यावर पोलिसांकडून समज देणारे पत्र जाते, दंड होत नाही, आणि लोक काच खाली करून आम्हाला शिव्या देतात. 1894च्या कायद्याने पॅरिश काउन्सिले, म्हणजे गावपातळीची मंडळे, आली खरी, पण रस्त्याची वेगमर्यादा काउंटी ठरवते. पॅरिशच्या हाती विनंती करणे एवढेच असते. हे समजून न घेता गावाला दोष देणे अन्यायाचे आहे.

मूळची सांगलीची

तुमच्या सकाळी सातच्या श्रमांबद्दल मला आदर आहे. परंतु मी वडिलांबद्दल लिहिले, त्यावर तुम्ही एक अक्षरही लिहिले नाही, आणि हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. तुम्ही स्वतः मराठी आहात. तुम्हाला कोणी असे कधीच विचारले नाही का?

कोट्सवोल्डवासी

विचारले आहे. पहिल्या वर्षी दोनदा. मी चर्चच्या अंगणातले गवत कापायला जाऊ लागलो, तेव्हा ते थांबले. तुमच्या वडिलांच्या मागे फाटकापर्यंत जाणे चुकीचे होते, हे मी मान्य करतो. पण त्यावरून सगळी नेबरहूड वॉच वाईट ठरवू नका. आमच्या चर्चच्या छपराचे शिसे चोरीला जात असताना शेजाऱ्यांच्या फोनमुळेच पोलीस पोहोचले.

मूळची सांगलीची

वडील तीन महिन्यांसाठी आले होते. संशयमुक्त होण्यासाठी त्यांनीही आधी गवत कापायचे का?

सह्यभ्रमणी

हा प्रश्न मला बिनतोड वाटतो. मूळ धागा कोचचा होता, पण मला आता यात अधिक रस आहे.

रेडिंगकर

मला अजून कोचमध्येच रस आहे. पुढच्या वेळी मी 16 आसनांची गाडी आणेन, एवढे तुमच्यासाठी करतो. पण चालता न येणाऱ्या माणसांना पुलाजवळ उतरू द्यावे आणि गाडीने लगेच बाहेर जावे, ही सोय नसेल, तर ही बंदी म्हाताऱ्यांवरच आहे असे मी म्हणत राहणार.

कोट्सवोल्डवासी

उतरण्यापुरते थांबायला माझी हरकत नाही. इंजिन चालू ठेवून अर्धा तास थांबायला आहे, आणि प्रत्यक्षात तेच होत आले आहे.

मूळची सांगलीची

आमच्या पॅरिश काउन्सिलच्या बैठकीत सुरुवातीला रहिवाशांना बोलायला वेळ मिळतो. येत्या बैठकीत मी गल्लीच्या वेगमर्यादेची मागणी मांडणार आहे. वेगाच्या नोंदी कोणत्या नमुन्यात ठेवल्या म्हणजे काउंटी त्या विचारात घेते, ते मला इथे सविस्तर लिहून कळवा. वडिलांना थांबवणारे गृहस्थ त्या काउन्सिलचे सदस्य आहेत, आणि त्या संध्याकाळचा प्रश्नही मी त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर विचारणार आहे.