कॅम्परच्या खिडकीभोवती गंज, वेल्डिंग टाळता येईल का?

लीड्सहून :

नमस्कार मंडळी,

आम्ही १९८८ची फोक्सवॅगन टी२५ कॅम्पर घेतली आहे. उजव्या बाजूच्या मधल्या खिडकीच्या खाली, दोन्ही कोपऱ्यांत रंग फुगलाय. नखाने टोकरलं की पापुद्रा निघतो आणि आतून तपकिरी भुगा पडतो. गॅरेजवाले म्हणतात, पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायचा, त्यासाठी आतलं सगळं कपाट आणि इन्सुलेशन उतरवायचं. तो खर्च आत्ता झेपणारा नाही. गणपतीच्या आधी स्कॉटलंडला जायचा बेत आहे. ब्रिस्टॉलचे काका अशा गाड्यांची कामं करतात असं ऐकलंय. काका, वेल्डिंगशिवाय काही होईल का?

ब्रिस्टॉलहून :

होईल, पण खिडकी काढावी लागेल. ती जागेवर ठेवून बाहेरून घासून रंग मारलास, तर येत्या हिवाळ्यात फुगा परत दिसेल. गंज दिसतो बाहेर, पण सुरू होतो रबराच्या खाली. काचेवरून ओघळलेलं पाणी रबराच्या खाचेत उतरतं आणि खालच्या कोपऱ्यांत साचून राहतं. इथल्या रस्त्यांवरचं हिवाळ्यातलं मीठही त्यात मिसळतं. आतून तुमच्या श्वासाची वाफ काचेवर जमते, तीही तिथेच झिरपते. म्हणून गंज नेहमी खालच्या कोपऱ्यांत.

जुनं रबर वाचवत बसू नकोस. बाहेरची कड सुरीने कापून काढ. टी२५ची नवी रबरं मिळतात. काच आतून तळहातांनी हळूहळू ढकल, बाहेर धरायला दुसरं माणूस हवंच. काच टफन्ड आहे, कडेला स्क्रूड्रायव्हरचा टोला बसला तर चुरा होईल.

काच निघाली की मग खरं चित्र दिसेल. जाड स्क्रूड्रायव्हरने कड टोचत जा. टणक लागलं तर पत्रा शाबूत, टोक आत गेलं तर तिथे पत्रा उरलेला नाही. ग्राइंडरला वायर ब्रश लावून, नंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घास. फुगलेल्या रंगाच्या पुढेही दोन-तीन बोटं जा, कारण गंज रंगाखालून सरकत जातो. बारीक खड्ड्यांत काळपट डाग राहतातच. त्यांना फॉस्फोरिक ॲसिडवाला रस्ट कन्व्हर्टर लाव, पण वाळल्यावर डब्यावर लिहिलंय तसं धुऊन-पुसून घे. ॲसिड उरलं तर त्यावर इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही.

भोक पडलं असेल तर नुसती लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरू नकोस. लांबी पाणी शोषते आणि मागून ओल आली की उखडते. साधारण ०.८ मिमीचा पोलादी पत्रा कापून, कडा गोल करून, दोन भागांच्या पॅनल ॲडहेसिव्हने आतल्या बाजूने चिकटव आणि पकडीने रात्रभर दाबून ठेव. ॲल्युमिनियम घेऊ नकोस, लोखंडाला लागून ओल आली की ॲल्युमिनियमच लवकर खाल्लं जातं. तुकडा बसल्यावर त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग पातळ लांबी, मग पुन्हा प्रायमर आणि रंग. रबर ज्या कडेवर चढतं, ती कड दोन्ही बाजूंनी रंगवायची. बहुतेक लोक नेमकी तीच विसरतात.

लेस्टरहून :

काकांच्या मेलला एक जोड. ग्राइंडर चालवताना चष्मा आणि मास्क घालच. हार्डनर मिसळायचे टू-पॅक रंग असतील, तर त्यात बहुधा आयसोसायनेट हे रसायन असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला पुरत नाही. घरी करणार असाल तर आयसोसायनेट नसलेला, ब्रशने लावायचा रंग घ्या, ताई. थोडा कमी चकाकला तरी चालेल.

लीड्सहून :

काका, काच काढली! मागच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढं भोक आहे. पुढच्या कोपऱ्यात मात्र पत्रा जवळजवळ तळहाताएवढा गेलाय. तिथून वर खांबाला ड्रायव्हरच्या सीट-बेल्टचा हूक आहे, मोजलं तर २० सेंटिमीटर. दोन्हीकडे चिकटवूनच भागवू का?

ब्रिस्टॉलहून :

नाही, पुढचा कोपरा वेल्डिंगलाच दे. एमओटीमध्ये, म्हणजे इथल्या गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, सीट-बेल्टच्या हूकापासून ३० सेंटिमीटरच्या आतली मजबुती बघतात, आणि चिकटवलेला तुकडा तिथे चालणार नाही. पण नियम सोड, अपघातात तोच खांब तुझं वजन पेलणार आहे. आता काच आणि रबर निघालंच आहे, कपाटही फक्त तेवढ्याच भागापुरतं हलवावं लागेल, तेव्हा गॅरेजचं काम पूर्वीपेक्षा बरंच कमी झालंय. पुन्हा भाव विचार. इन्सुलेशन मात्र तिथून नक्की काढून घे, ठिणगीने पेट घेतं.

मागचा कोपरा घरी कर. रंग पुरता कडक झाला की काचेवर चढवलेल्या नव्या रबराच्या, पत्र्याची कड बसते त्या खाचेत सुती दोरी फिरव, टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून जाऊ दे. साबणाचं पाणी लाव, बाहेरून कुणीतरी काच दाबत राहू दे आणि तू आतून दोरी हळू ओढ, रबर कडेवर आपोआप चढेल. रबर आणि पत्र्याच्या मध्ये न वाळणारं मॅस्टिक (फट बुजवायचा चिकट लगदा) भर. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन अजिबात नको, त्यातलं ॲसिड पत्रा खातं. शेवटी आतून, जिथे नळी जाईल तिथे, कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण, मार. हे वेल्डिंगनंतरच, आधी मारलंस तर पेटेल.

पुढच्या शनिवारी मी शेफील्डला येणार आहे. दोरी ओढायला लीड्सपर्यंत येतो, रबर तोवर मागवून ठेव.