लायब्ररी बदलली की जुने प्रोग्रॅम का कोसळतात?

प्रश्न (उद्यमनगर, कोल्हापूर): डेबियन लिनक्सवर वजनकाट्याच्या प्रोग्रॅमची शेअर्ड लायब्ररी वेगळ्या पॅकेजमधून जाते. तिच्यातल्या एका स्ट्रक्चरच्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या गटाच्या) मधेच नवं फील्ड घातलं, तर जुने प्रोग्रॅम सेगफॉल्ट (मेमरीची चूक) देऊन कोसळतात. लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) काहीच तक्रार करत नाही. का?

उत्तर: भावा, एबीआय, म्हणजे आधीच कंपाइल झालेले प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांच्यातला करार, मोडलाय. लोडर एसओनेम (लायब्ररीचं आकड्यासकट नाव) आणि सिम्बॉलची (फंक्शन वगैरेंची) नावं बघतो, स्ट्रक्चरची मांडणी नाही; जुने प्रोग्रॅम मात्र फील्ड जुन्याच जागी शोधतात. एसओनेम १ वरून २ कर, पॅकेजच्या नावातला आकडाही बदल. मग दोन्ही आवृत्त्या शेजारी नांदतील, जुने प्रोग्रॅम जुनीच उचलतील.

दुसरं उत्तर: बिनआकड्याची सिमलिंक (लायब्ररीच्या फाइलकडे बोट दाखवणारी) फक्त डेव्ह पॅकेजमध्ये (प्रोग्रॅम कंपाइल करणाऱ्यांसाठीच्या) ठेवा. दोन्ही रनटाइम पॅकेजांत (प्रोग्रॅम चालवायला लागणाऱ्या) गेली तर डीपीकेजी, म्हणजे डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन, दुसरं बसवूच देत नाही. आणि लायब्ररीची अवलंबित्वं हातानं लिहू नका, डीपीकेजी-शलिबडेप्स काढून देतं.

प्रश्नकर्ता: सिमलिंक रनटाइममध्येच होती! हलवतो.