मांजराच्या पायाची नस दुखावली तर – अनुभव धागा

खिडकीतली
समोरच्या भिंतीवरून एक बोका पुढचा पाय ओढत गेला आणि जुनं सगळं वर आलं. म्हणून धागा. रडकथा नकोत, काय करायचं आणि कुठे चुकतं तेवढं लिहा.
कोपर खाली गेलंय, पंजा उलटा पडून वरची बाजू घासतेय, तर बहुधा बगलेतल्या नसा (मज्जातंतू) ताणल्यात. उंचावरून पडणं, गाडीचा धक्का, पाय अडकून लोंबकळणं. त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली बारीक आणि पापणी लोंबलेली असेल, तर नस मणक्यापाशीच उपटल्याची शंका. तिथे आशा कमी. डॉक्टरांना हे आपणहून सांगा.

ठिपका
मागचा पाय असेल तर आधी हात लावा. पंजा गार, तळव्याच्या गाद्या फिकट किंवा निळसर, मांजर कळवळतंय? ती नस नाही, रक्ताची गुठळी आहे. धागा मिटा आणि पळा.

बोकोबा
+१. आणि दोन्ही मागच्या टाचा टेकून चालत असेल तर रक्तातली साखर तपासा, मधुमेहातही असं होतं.

मिशाळ
बोट चिमटल्यावर पाय मागे घेतला म्हणून पेढे वाटू नका. तो नुसता मणक्याचा झटकाही असू शकतो, डोक्यापर्यंत पोचलंच असेल असं नाही. मान वळवून बघतंय का, गुरगुरतंय का ते महत्त्वाचं. आणि रोज रोज चिमटत बसू नका हो.

खिडकीतली
@मिशाळ चिमटणाऱ्याला चावलं की समजायचं, पोचलं 😄

अर्धीझोप
व्यायाम: मांजर पेंगत असताना. एक हात सांध्याच्या वर, एक खाली. बोटं, मनगट, कोपर, खांदा, एकेक सांधा सावकाश वाकवा-सरळ करा, १०-१५ वेळा, दिवसातून २-३ दा. अडलं तिथे थांबा, जोर नाही. हाड मोडलेलं नाही याची खात्री आधी. सगळ्यात जास्त वेळ मनगटाला द्या, ते आत वळून आखडलं की नस परत आली तरी पंजा सपाट पडत नाही. हेच सगळे विसरतात.

ठिपका
किती दिवस पण?

अर्धीझोप
नुसती दबली असेल तर काही आठवडे. तुटून परत वाढायची असेल तर दिवसाला साधारण १ मिमी, म्हणजे महिन्याला ३ सेंमी. मोजा खांद्यापासून. पाय काढायचा निर्णय म्हणूनच काही महिने थांबवतात. जखम चिघळली किंवा मांजर स्वतःचा पंजा कुरतडायला लागलं तर मात्र थांबत नाहीत.

मिशाळ
कुरतडणं म्हणजे मुंग्या येतात त्याला. कधीकधी नस जागी होतेय म्हणूनही. गळ्याभोवतीची फनेलसारखी कॉलर लगेच, आणि डॉक्टरांना गॅबापेंटिनबद्दल (नसांच्या दुखण्याचं औषध) विचारा. माणसांचं पॅरासिटामॉल चुकूनही नाही, मांजर मरतं.

बोकोबा
पट्टी बोटांकडून वर गुंडाळा, मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवा. सकाळ-संध्याकाळ बघायचं: त्या दोन नखांमधली फट वाढली की सूज, पट्टी आवळलीय. ओली झाली की बदला. शी-शूच्या ट्रेत वाळूऐवजी जखम भरेपर्यंत कागदाचे तुकडे, आणि ट्रेची एक बाजू ५ सेंमीपर्यंत कापा. त्या पायाची नखं झिजत नाहीत, वळून गादीत घुसतात, ती कापत राहा.

खिडकीतली
कॉलर घातल्यावर सगळीकडे धडकतं त्याचं काय?

बोकोबा
हसून घ्यायचं, त्याच्या पाठीमागे.

नवीनमाऊ
आमच्या भाटीची शेपटीपण लोंबतेय, मागचा एक पाय ढिला. थांबू का?

ठिपका
नाही. सू होतेय का?

नवीनमाऊ
हो, होते की. झोपेतसुद्धा गादीवर थेंब थेंब.

ठिपका
ती होणं नव्हे, ते ओसंडणं. शेपटी ओढली गेली की लघवीच्या पिशवीच्या नसाही जाऊ शकतात. पोट दाबू नका, बोटांनी नुसतं चाचपा. लिंबाएवढा घट्ट गोळा लागला तर आत्ता निघा. नाही लागला तरी आजच दाखवा.