अ‍ॅडमिनला चालतंय, बाकी कुणालाच नाही

टॉवेलवाला: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, ऑफिसात विंडोज सर्व्हर २०१९, त्यावर रिमोट डेस्कटॉपनं सहा जण बसतात. डिजिटल सहीचं क्रोम एक्स्टेन्शन मी अ‍ॅडमिन लॉगिनमधून टाकलं, माझ्याकडं मस्त चालतंय पण अकाउंटंट मॅडमनी त्यांच्यात टाकलं तर नेटिव्ह मेसेजिंग होस्ट सापडला नाही म्हणतंय. सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाकू का? वैताग आलाय राव.

रात्रपाळी: अ‍ॅडमिन कुणालाच करू नका हो, एकानं कायतरी भलतं डाउनलोड केलं की सगळ्यांचंच काम बसेल. नेटिव्ह मेसेजिंग होस्ट म्हणजे एक्स्टेन्शन ज्याच्याकडून सही करून घेतं तो मशीनवरचा सहीचा प्रोग्राम. तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, फक्त तुमच्या एकट्याच्या भागात (एचकेसीयू) नोंदला गेलाय. सगळ्या युजरना लागू होणाऱ्या भागात, म्हणजे एचकेएलएममध्ये सॉफ्टवेअर, गूगल, क्रोम, नेटिव्हमेसेजिंगहोस्ट्स खाली तीच ‘की’ (नोंद) बनवा. आणि प्रोग्राम तुमच्या प्रोफाइलच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात असला तर प्रोग्राम फाइल्समध्ये हलवा, तुमच्या प्रोफाइलमधलं साध्या युजरला वाचताच येत नाही. प्रोग्राम कुठं आहे ते क्रोमला सांगणाऱ्या जेसन फाइलीतला पाथ बदलायचा विसरू नका, मी एकदा विसरलो आणि अख्खी दुपार गेली.

टॉवेलवाला: अ‍ॅपडेटातच होता की! मॅडमची सही झाली. पण आता दोघं एकदम बसले की दुसऱ्याचं अडतंय.

केबलवाला: सहीचा प्रोग्राम लोकलहोस्टचा, म्हणजे त्याच मशीनचा, एखादा ठरलेला पोर्ट (प्रोग्रामनं बोलायचा नंबरी दरवाजा) धरत असेल. सर्व्हरवर लॉगिन केलेल्या सगळ्यांना लोकलहोस्ट एकच, पहिल्यानं एसटीत रुमाल टाकल्यासारखी जागा धरली की दुसरा उभा. काम झालं की साइन आउट करायला सांगा, नुसती रिमोट डेस्कटॉपची खिडकी बंद केली तर प्रोग्राम मागं चालूच राहतो.